शनिवारचं घर

वार लावून जेवण्याची रीत तेव्हा जवळजवळ मोडीतच निघाली होती. शिकायला आलेली मुलं मेस लावत, खोलीवर स्टोव्ह पेटवत, नाहीतर आलूबोंडे खाऊन दिवस काढत. पण आर्वीकडच्या खेड्यात पूजाअर्चा करणाऱ्या दादाजी पांढरीपांड्यांना हे सांगणार कोण? पासष्ट साली त्यांचा कृष्णकांत सायन्सला नाव घालायला नागपुरात आला, तेव्हा हे गृहस्थ त्याला घेऊन महाल भागातल्या ओळखीच्या घरांच्या पायऱ्या चढले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा त्यांनी पोराचा आठवडा लावून दिला. सहा घरं मिळाली, रविवार देवावर सोडला. दादाजी प्रत्येक दारात हात जोडत होते आणि कृष्णकांत आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता. त्या दिवशी तो जे खाली बघायला शिकला, ते त्याला पुढे कधी पुरतं सुटलं नाही.

वाराच्या मुलाला महिन्याभरात सगळं समजतं. कुठल्या घरी आग्रह केला की दुसरी पोळी घ्यायची असते आणि कुठल्या घरी आग्रह नुसता ऐकायचा असतो, हे कोणी शिकवावं लागत नाही. सोमवारच्या यमुताई हाताच्या सढळ, पण वाढताना साऱ्या गल्लीची बातमी सांगत आणि तीही ऐकून घ्यावी लागे. बुधवारचे वकील जेवताना इंग्रजीतून प्रश्न विचारत, त्यामुळे घास आणि उत्तर दोन्ही एकदमच घशात अडकायचं. शनिवारचं घर मात्र वेगळं होतं. घटाट्यांचं. काका कचेरीत कारकून, घरात एक म्हाताऱ्या आजी, सत्यवतीकाकू आणि त्यांची एकुलती एक नलू. नलू सहा वर्षांची होती, दात पडलेली, भारी हट्टी. कृष्णकांत आला की त्याने आधी घोडा व्हायचं, मग पाढे घ्यायचे, मग जेवायचं, असा तिचा कायदा. शनिवारी तो पोटभर जेवायचा, म्हणजे लाज न वाटता जेवायचा.

त्याची खोली जुन्या शुक्रवारीत, एका तेलघाणीवाल्याच्या अंगणात. खोलीत जोडीदार रुपराव, काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने दणकट आणि काळजी कशाशी खातात हे ठाऊक नसलेला.

पुढच्या वर्षी श्रावणात कॉलरा आला. गावातल्या म्हाताऱ्या त्याला पटकी म्हणत, आणि तेही दबक्या आवाजात, नाव घेतलं की घरात शिरते म्हणून. वर्तमानपत्रं म्हणत होती, हा नवा कॉलरा आहे, समुद्रापलीकडच्या बेटांवरून निघून देशोदेशी फिरतो आहे. विहिरींत लाल औषध पडलं. चौकात टेबल टाकून टोचणी सुरू झाली. गल्लीगल्लीत ब्लिचिंग पावडरचा वास भरून राहिला आणि कार्पोरेशनची बंद गाडी दिसली की बोलणारी माणसं मध्येच गप्प होऊ लागली.

कृष्णकांतनेही टोचून घेतलं. दंड सुजला, दोन दिवस ताप आला, पण भीती काही गेली नाही. त्याला कारण कॉलेजातले प्राध्यापक. बिचारे चांगल्या हेतूने सांगायला गेले. त्यांनी फळ्यावर तो जंतू काढून दाखवला, वाकडा, स्वल्पविरामासारखा, आणि म्हणाले, "या नव्या जातीचं वाईट हे, की धडधाकट माणसाच्या पोटातही तो राहतो. त्याला स्वतःला काही होत नाही. तो खातो-पितो, हिंडतो, आणि दुसऱ्यांना देत फिरतो."

वर्गातल्या चाळीस पोरांनी ते वहीत उतरवलं. एकट्या कृष्णकांतने ते पोटात उतरवलं. धडधाकट माणूस, हिंडणारा. आणि नागपुरात रोज नव्या घरी जेवणारा दुसरा कोण होता?

भीती त्याला एकट्यालाच होती असंही नाही. वसतिगृहातला एक मुलगा खिडक्यांना कागद चिकटवून बसला होता. दुसरा एक हुशार पोरगा वर्गात बसल्याबसल्या रडायला लागला आणि त्याला का ते सांगता येईना. त्या काळी याला काही नाव नव्हतं. लोक म्हणत, अभ्यासानं डोकं तापलं, जरा तेल थाप. कृष्णकांतने तेलही थापून पाहिलं.

त्या शनिवारी उघडीप होती आणि जीव नकोसा करणारा उकाडा. जेवणं झाल्यावर नलू त्याच्या बोटाला धरून बाहेर निघाली आणि चिटणीस पार्काच्या कोपऱ्यावर बर्फगोळ्याच्या गाडीपाशी थांबली. बाहेरचं काही खायचं नाही, असं तो गेला महिनाभर सहाही घरांत सांगत होता. तिलाही त्याने तेच सांगितलं. तिने भर रस्त्यात फतकल मारली आणि असा काही गळा काढला, की येणारेजाणारे याच्याचकडे बघायला लागले. चार माणसांनी पाहिलं की ज्याची मान खाली जाते, तो किती वेळ तग धरणार? त्याने लाल गोळा घेऊन दिला. तिने तो कपातल्या सरबतासकट संपवला, शेवटचा घोट मोठ्या मनाने त्याला दिला, आणि घरी जाईपर्यंत दर दहा पावलांवर लाल जीभ काढून दाखवत राहिली.

सोमवारी तो यमुताईंकडे जेवायला बसला. यमुताई ताक वाढत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तुला समजलं नसेल. घटाट्यांची नलू गेली रे. काल सकाळपासून उलट्या अन् जुलाब. कार्पोरेशनच्या गाडीतून नेली ती नेलीच. पोरीला घरी पण आणू दिलं नाही."

त्याच्या तोंडात घास होता. तो गिळताही येईना आणि यमुताईंच्या पानात थुंकताही येईना. तो तसाच उठला, न्हाणीत गेला, आणि पाणी वाहत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरायला लागला. गोळ्यातून रोग गेला असेल, तर गोळा मी दिला. गोळ्यातून गेला नसेल, तर मी स्वतःच तो हिंडणारा माणूस. कुठूनही सुरुवात केली तरी बोट आपल्याकडेच यायचं. आणि मग पुढचं. आज सोमवार, म्हणजे उद्या मंगळवारचं घर. तिथे दोन लहान मुलं. परवा वकील. गुरुवारी पोस्टातल्या कारकुनाची बाळंतीण लेक. एकेक दार त्याच्यासमोर येई आणि त्या दारातून कार्पोरेशनची गाडी निघताना दिसे. छाती धडधडायची, हातापायांना घाम सुटायचा, श्वास अर्ध्यावरून परत यायचा. हीच पहिली लक्षणं म्हणून तो स्वतःची नखं तपासत बसायचा.

त्याने जेवायला जाणं बंद केलं. आणि हे इतकं सोपं होतं, की सांगतानाही राग येतो. घटाट्यांकडे सुतक होतं, त्यामुळे शनिवार आपोआपच गळला. मंगळवारी त्याने लांबूनच, रस्त्यावरून सांगितलं, "साथ आहे, तेव्हा रोज घरं बदलणं बरं नाही. मी सध्या यमुताईंकडेच जेवून राहिलो." यमुताईंना सांगितलं, वकिलांकडे. वकिलांना सांगितलं, पोस्टातल्या काकांकडे. प्रत्येक घरी माणसं "असं कसं, असं कसं" म्हणाली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण त्याला दिसली. वाईट माणसं नव्हती ती. भ्यालेली होती. सहा घरी फिरणारं पोर आपल्या घरी आता येणार नाही, याचा कोणाला आनंद होणार नाही? शिवाय आपला तर एकच वार. बाकीचे आहेतच की. सहा घरांनी मिळून पोसलेला मुलगा सहा घरांच्या भरवशावर उपाशी राहू शकतो, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

कॉलेजही बंद झालं. रुपरावने वळकटी बांधली.

"मी गावाले जाऊन राहिलो. चाल माह्यासंगं. माय भाकरी टाकन, खाऊन पडून राहाजो."

"नको. तुझ्या घरी लहान भाऊ आहेत."

"मंग? थे का तुले खाऊन टाकतीन?" रुपराव हसला, आणि मग त्याने नीट पाहिलं. "काहून बे किसना, तू जेवत नाहीस का? तोंड पाह्य कसं झालं तुहं."

"जेवतो ना. वकिलांकडे."

रुपरावला ते पटलं. वकिलाच्या घरी जेवणारा उपाशी कसा राहील? तो एसटी पकडून गेला आणि कृष्णकांतने आतून कडी लावली.

सुरुवातीला तो फुटाणे खायचा, मग तेही कमी झालं. पाणी लाल औषध घालून प्यायचा, तेही घोटघोट. त्याच औषधाच्या पाण्यात दिवसातून कितीदातरी हात बुडवायचा. बोटं तपकिरी पडली, मग कातडी सोलून निघू लागली. पोट रिकामं असलं की गुरगुरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याला ती गुरगुर ऐकू आली की वाटे, झालं, सुरू झालं. त्या भीतीने तो आणखी खाईना, त्यामुळे पोट आणखी गुरगुरे. पुस्तक उघडावं तर ओळीओळीत स्वल्पविराम. ते हलतात असं वाटायला लागल्यावर त्याने पुस्तकं खाटेखाली ढकलली.

पोळ्याचा पाडवा आला. साथ आहे तेव्हा यंदा मारबत निघणार नाही, असं काही जण म्हणत होते. बाकीचं नागपूर म्हणालं, साथ आहे म्हणूनच तर मारबत पाहिजे! कागदा-बांबूच्या त्या अवाढव्य बाईला गल्लोगल्ली फिरवायचं, गावातला सगळा रोग तिच्या गळ्यात घालायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं, ही इथली जुनी वहिवाट. कृष्णकांत त्या सकाळी औषधाची पुडी आणायला म्हणून बाहेर पडला होता. परतताना गर्दीने त्याला गाठलं. पुढून लोंढा, मागून लोंढा. कोणाचे खांदे त्याच्या खांद्याला, कोणाचे घामाचे हात त्याच्या पाठीवर, बापांच्या खांद्यावर बसलेली लहान पोरं त्याच्या तोंडाशी. तो हात पोटाशी घट्ट धरून ओरडत होता, "लांब व्हा! मला लागू नका!" ढोल-ताशात कोण ऐकतं? आणि वर सगळा रस्ता एका आवाजात गर्जत होता, "रोगराई घेऊन जा गे मारबत!"

त्याला वाटलं, हे आपल्यालाच म्हणताहेत. घेऊन जा. तू आणलीस, तूच घेऊन जा. तो एका ओट्याच्या पायरीवर कोसळला. ओटा नेमका यमुताईंचा. त्या वरून मिरवणूक बघत होत्या. त्यांनी हाक मारली, पाणी आणायला आत गेल्या, पण तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत पोरगा पायरीवर नव्हता.

खोलीत आल्यावर त्याने मनाशी ठरवून टाकलं. आता बाहेर जायचं नाही, कोणाला आत घ्यायचं नाही. फुटाण्यांची पुडी संपली होती. संपली तर संपली. आपण संपलो की सहा घरं सुटतील, आणि हा विचार मनात आल्यावर त्याला जे हलकं वाटलं, त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला.

शनिवारी सकाळी कडी वाजली.

"कृष्णा, दार उघड. मी आहे, घटाटेकाकू."

तो उठून भिंतीला चिकटून बसला. "काकू, जा तुम्ही. इथे थांबू नका."

"आमचं सुतक फिटलं. मागच्या शनिवारी सासूबाईंनी पान मांडून वाट पाहिली तुझी. काहून नाही आलास?" मग बाहेरून आवाज आला, "आमच्या घराची भीती वाटून राहिली ना तुला? सगळ्यांनाच वाटून राहिली. बाया दारावरून जाताना नाकाला पदर लावतात. पण तू पण, कृष्णा?"

"तसं नाही काकू!"

"मारबतीच्या दिवशी यमुताई आल्या होत्या. म्हणाल्या, पोरगा नुसता हाडं राहिला, अन् मला तर वकिलांकडे जेवतो म्हणाला होता. मग हे वकिलांकडे गेले. पोस्टातल्यांकडे गेले. सगळी घरं फिरले रे हे. प्रत्येक घरी तू दुसऱ्याच घरी जेवून राहिला होतास."

त्याने कडी काढली आणि पळत जाऊन पलीकडच्या कोपऱ्यात उभा राहिला. काकू उंबऱ्यात होत्या. नलूच्या मागे त्याही अर्ध्या झाल्या होत्या. हातात झाकलेला पितळी डबा. त्यांची नजर त्याच्या तपकिरी, सोललेल्या हातांवर गेली.

"आत येऊ नका," तो म्हणाला. आणि इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "गोळा मी घेऊन दिला होता. पार्काच्या कोपऱ्यावर. नलू रडायला लागली म्हणून. मी दिला काकू, मीच."

काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. तो वाट पाहत होता. आता ओरडतील, शाप देतील, सगळ्या गल्लीला गोळा करतील. ते व्हावं असंही त्याला वाटत होतं, म्हणजे एकदाचं होऊन जाईल.

"लाल होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दवाखान्यात तिची जीभ पाहून मी किंचाळले, रक्त येऊन राहिलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, बाई, रंग आहे हा." पदर तोंडाला लावून त्या हुंदके देत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. तुझ्या गोळ्यानं असेल. त्या दिवशी आमची लाकडं ओली होती. पाणी मी उकळलंच नाही, अन् सासूबाईंना सांगितलं उकळलं. त्या पाण्यानं असेल. आता कोण सांगणार? पण तू जर इथे उपाशी मेलास, तर ते कशानं झालं ते मात्र मला पक्कं माहीत असेल. ते ओझं मला देऊ नको, बाबा. माझ्याकडे जागा नाही आता."

त्यांनी डबा उघडला. मऊ भात होता, वर तूप. त्याने मान हलवली. प्राध्यापकांनी काय सांगितलं ते तो सांगू लागला. धडधाकट माणसाच्या पोटातही असतो, हाताहाताने जातो. काकूंनी ऐकून घेतलं.

"तुझ्या हातात आहे म्हणतोस?"

"असेल."

"मग ये इथे. त्या हाताने मला एक घास दे."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दे. मेले तर तू खरा. नाही मेले तर उरलेलं तू खायचं. तोवर मी या उंबऱ्यातून उठत नाही. घरी सासूबाई अन् हे, दोघं पानावर बसून राहिले आहेत. आज शनिवार आहे."

तो रडला, हात मागे लपवले, पुन्हा औषधात बुडवून आला. काकू तोंड उघडून बसल्या होत्या. शेवटी त्याने भाताचा एवढासा घास उचलला. अर्धा भात त्यांच्या लुगड्यावर सांडला. उरलेला त्यांनी खाल्ला, शांतपणे चावून खाल्ला, आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. तो खाऊ लागला तेव्हा प्रत्येक घासाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, रंग बदलतो का म्हणून.

लोकांना पुढचं आधी समजायला हवं असतं, तर सांगून टाकावं. कृष्णकांत जगला, बी.एस्सी. झाला, नागपुरातच एका शाळेत विज्ञान शिकवू लागला. पोरांना जंतू शिकवताना तो तेवढा एक धडा फार हळू आवाजात शिकवायचा. त्याची भीती गेली असं कोणी म्हणू नये. ती त्याच्या बरोबरच म्हातारी झाली. पण तो पुन्हा कधी कडी लावून एकटा उपाशी बसला नाही, आणि त्याचं कारण तो भात नव्हे. कारण नंतरच्या आठवड्यात घडलं.

त्या घासानंतर त्याला चैन कुठली? दुसऱ्या दिवशी उजाडताच तो घटाट्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. दार उघडतं की नाही? काकू बाहेर आल्या, सडा टाकला, आत गेल्या. जिवंत. तिसऱ्या दिवशीही तो तिथेच. दार उघडायला जरा उशीर झाला तेव्हा त्याने भिंतीला डोकं टेकून रामरक्षा म्हटली, अर्धी विसरला, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. काकू आल्या. रोज आल्या. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि आपण त्यांना दिसत नाही असंच तो समजत राहिला.

शनिवारी तो जेवायला गेला. पायरीपाशीच थांबला. आजी माजघरात जप करत होत्या, काका पाटावर बसले होते. काकू भात वाढत होत्या.

"काकू," तो बाहेरूनच म्हणाला, "तुम्हाला काही झालं नाही ना?"

"तू रोज पाहून जात होतास की."

त्याची मान खाली गेली. काकूंनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि दारापर्यंत आल्या.

"नलू गेली त्या दिवसापासून मी सडा टाकला नव्हता, कृष्णा. अंथरुणातून उठावंच वाटत नव्हतं. हे उठवायचे, सासूबाई उठवायच्या, मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. त्या दिवशी तुझ्याकडे आले, तीच पहिल्यांदा घराबाहेर पडले. रविवारी पहाटे खिडकीतून पाहिलं, तू कोपऱ्यावर उभा. मनात आलं, मी दिसले नाही तर हे पोर तिथेच मरेल. म्हणून उठले. मग रोज उठावं लागलं."

काकांनी पाटावरून मान वळवली आणि भिंतीकडे बघत डोळे पुसले.

"उद्या रविवार आहे," कृष्णकांत म्हणाला. "उद्या पण येऊ?"

"ये," काकू म्हणाल्या. "पाय धुऊन घे आधी. भात गार होऊन राहिला."